फोर्ड जीपीडब्ल्यूच्या ट्रान्स्फर केसचं काम : प्रकल्प नोंदी

२३ ऑक्टोबर २०२३, खंडेनवमी

हत्यारांची पूजा झाली. पान्यांचे संच, पुलर, टॉर्क पाना, डायल गेज सगळं पुसून पाटावर मांडलं, झेंडू वाहिला. यंदा शेजारी एक पुस्तकही ठेवलं : अमेरिकी लष्कराचं टीएम ९-१८०३बी, १९४४ सालचं. विलीज एमबी आणि फोर्ड जीपीडब्ल्यू या जुळ्या गाड्यांचा गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस, ॲक्सल, बॉडी आणि चासी यांची सगळी दुरुस्ती त्यात आहे. पानं छापून स्पायरल करून घेतली. काम आहे ट्रान्स्फर केसचं : गिअरबॉक्समधून येणारी ताकद पुढच्या-मागच्या ॲक्सलना वाटणारी पेटी, तिला हाय आणि लो असे दोन वेग.

गाडी आमच्या घरात आजोबांपासून. लष्कराच्या लिलावातून घेतलेली, डाव्या हाताचं स्टेअरिंग. सगळे तिला जीप म्हणतात, पण लष्कराच्या कागदोपत्री ती ट्रकच : 'ट्रक, पाव टन, चार बाय चार'. आमची फोर्डची. चासीचा पुढचा आडवा दांडा गोल पाइपचा असेल तर विलीज, उलट्या यू आकाराचा असेल तर फोर्ड. शिवाय फोर्डनं जागोजागी, अगदी बोल्टांच्या डोक्यांवरही, आपला 'एफ' ठोकून ठेवलाय. लहानपणी हे एफ शोधत आम्ही भावंडं चासीखाली तासन् तास लोळायचो.

तक्रारी लिहून ठेवतो, म्हणजे शेवटी ताळा करता येईल.

उतारावर लो लावून ॲक्सिलरेटर सोडला की लिव्हर उडून न्यूट्रलला येतो. हे सगळ्यात धोक्याचं, कारण इंजिनचा ब्रेक जातो तो नेमका घाटात. ट्रान्स्फरमधून हाय आणि लो दोन्हीत घरघर येते. मागच्या बाजूनं तेल गळतं. रात्री ताटली ठेवली तर सकाळी पाऊण वाटी जमा. आणि हँडब्रेक धरत नाही. मला कळायला लागल्यापासून तो धरलेला मी पाहिला नाही. आबा, म्हणजे माझे वडील, ड्रायव्हरशेजारच्या सीटखाली एक काळा दगड ठेवतात. गाडी कुठेही चढावर लागली की आधी तो दगड चाकामागे जातो, मग आबा खाली उतरतात. उतरताना दगड लावायचं काम लहानपणी माझं होतं.

२९ ऑक्टोबर

गाडी चार घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) घेतली. धाकटा भाऊ मदतीला.

आधी तेल सोडलं. ट्रान्स्फरमध्ये तेल मावतं जवळपास १.४ लिटर, निघालं जेमतेम अर्धा लिटर. रंग करडा. ताटलीत उन्हाला धरलं तर सोनेरी कण चमकत होते. सोनेरी म्हणजे पितळ-गनमेटल, म्हणजे थ्रस्ट वॉशर (गिअरला आडवं सरकू न देणाऱ्या चकत्या) खाल्लेत. लोखंडाचे कण लोहचुंबकाला लागले ते वेगळे.

मग खालची संरक्षक प्लेट, दोन्ही प्रोपेलर शाफ्ट (ॲक्सलकडे ताकद नेणारे), हँडब्रेकची केबल, स्पीडोमीटरची केबल, क्लचचा दांडा, वरची फ्लोअर प्लेट. गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर जोडीनंच खाली घेतले. इंजिनच्या मागच्या टोकाखाली लाकडी ओंडका आणि जॅक लावला होता. दोघांना मिळून हे धूड हातावर पेलत नाही. पोत्यावर उतरवून ओढत बाहेर आणलं.

दुपारी बाकावर दोन्ही वेगळे केले. इथे एक गोष्ट मुद्दाम सविस्तर लिहितो, कारण जुन्या जीपवाल्यांचं नुकसान इथेच होतं.

ट्रान्स्फरचा पहिला गिअर गिअरबॉक्सच्या मेनशाफ्टच्या मागच्या टोकावर बसलेला असतो. ट्रान्स्फरच्या पाठीवरचं छोटं झाकण पाच बोल्ट काढून उघडलं की तो दिसतो. स्प्लिट पिन काढायची, नट सोडायचा, गिअर ओढून घ्यायचा. इथपर्यंत सोपं. पण नंतर केस मागे ओढताना मेनशाफ्टही तिच्याबरोबर मागे सरकायला बघतो. तो सरकला की गिअरबॉक्सच्या पोटातला सगळा संसार खाली पडतो आणि ज्याला हात लावायचाच नव्हता तो गिअरबॉक्सही उघडावा लागतो. उपाय पुस्तकातच आहे. गिअरबॉक्सचं वरचं झाकण काढायचं, मेनशाफ्टला सेकंड गिअरच्या लगेच मागे तारेचा फास घालायचा, झाकणाचे पुढचे दोन बोल्ट अर्धे आत फिरवायचे आणि तारेची टोकं त्यांना पिळून ताणून बांधायची. शाफ्ट जागेवर थांबतो. मग शाफ्टच्या टोकावर हलकेच टपल्या मारत केस सोडवायची. आमची दहा मिनिटांत सुटली. भावानं तार इतकी घट्ट पिळली होती की शाफ्ट केसभरही हलला नाही.

५ नोव्हेंबर

आजचा सगळा दिवस उघडून बघण्यात गेला. केस डिझेलमध्ये धुतली, तारेच्या ब्रशनं साठ-सत्तर वर्षांचा चिखल काढला, मग रॉकेलनं पुन्हा धुतली.

काहीही सोडायच्या आधी डायल लावलं. सुट्या पार्टांची झीज मागाहूनही मोजता येते, पण जोडलेल्या अवस्थेतला प्ले (मोकळी हालचाल) एकदा खोललं की गेला तो गेला. आउटपुट शाफ्टच्या योकवर (प्रोपेलर शाफ्ट जोडायच्या टोकावर) डायलची सुई टेकवली, योक पुढे-मागे दाबला. प्ले आला २४ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). पुस्तक सांगतं ४ ते ८. म्हणजे शाफ्ट आतल्या आत तिप्पट मोकळा नाचत होता.

हा प्ले ठरतो तो मागच्या बेअरिंग कॅपच्या खालच्या शिमांवर. शाफ्टच्या दोन्ही टोकांना टेपर रोलर बेअरिंग आहेत. कॅप आणि केस यांच्यामध्ये पातळ पत्र्याच्या शिम असतात. शिम वाढवल्या की कॅप बाहेर सरकते, बेअरिंग मोकळी होतात. कमी केल्या की आवळतात. कॅपचे बोल्ट काढले, कॅप उचलली, आणि शिमांच्या थप्पीवर आणखी एक वस्तू चिकटलेली दिसली : कागदी पॅकिंग. हातानं कातरलेलं, तपकिरी, जाडजूड, दोन्ही अंगांना शेलॅक. ब्लेडनं अख्खं सोडवलं आणि मायक्रोमीटरमध्ये धरलं. १६ थाऊ.

चोविसातून सोळा गेले, राहिले आठ.

कागद नसता तर, इतक्या जुन्या बेअरिंगांवरही, प्ले पुस्तकातल्या मर्यादेत होता. कारखान्यातून आलेल्या शिमांना कोणी धक्काही लावला नव्हता. कधीतरी मागचं सील गळायला लागलं असेल, कोणाला वाटलं तेल कॅपच्या कडेनं येतंय, म्हणून जाड कागद घातला. त्यानं कॅप बाहेर सरकली, शाफ्ट सैल झाला. सैल शाफ्ट फिरताना हेलकावतो, सीलची ओठपट्टी त्याच्या मागे किती पळणार? ती फाटली आणि गळती वाढली. मग नवीन सील, पुन्हा गळती. योकवर सील जिथे घासतं तिथे नखानं कळेल इतकी चर पडली आहे. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असं वर्षानुवर्षं चाललं.

हँडब्रेकचं उत्तरही इथेच मिळालं. या गाडीत हँडब्रेक चाकांना नसतो. ट्रान्स्फरच्या पाठीला, त्याच आउटपुट शाफ्टवर एक ड्रम आहे आणि बाहेरून त्याला आवळणारा पट्टा. सीलमधून आलेलं तेल फिरत्या ड्रमवरून थेट पट्ट्याच्या लायनरवर. तेलात मुरलेलं लायनर काय धरणार? सीटखालचा दगड इतकी वर्षं या कागदामुळे गाडीतून फिरतोय.

लो उडण्याचं कारणही बरंचसं हेच. सरकता गिअर याच शाफ्टवर असतो. शाफ्ट अर्ध्या मिलिमीटरहून जास्त मागे-पुढे होत असेल तर गिअरचे दात पूर्ण रुंदीवर बसत नाहीत, आणि भार उलटला की बाहेर ढकलले जातात. त्यात शिफ्ट रॉडच्या खाचेत गोळी दाबून धरणाऱ्या स्प्रिंगा मऊ पडल्या आहेत. बोटानं दाबल्या जातात.

आता घरघर. मधल्या गिअरची बाजू दुःखाची निघाली.

या स्पायसर १८ जातीच्या ट्रान्स्फरमध्ये 'थेट' असा रस्ताच नाही. हाय असो वा लो, मेनशाफ्टवरून आलेली सगळी ताकद मधल्या गिअरमधून जाते आणि तो गिअर फिरतो एका स्थिर शाफ्टवर, सुई बेअरिंगांवर. युद्धकाळच्या गाडीत हा शाफ्ट फक्त पाऊण इंची, म्हणजे सहा सुती. पुढे कंपनीनं तो नऊ सुती केला, मग दहा सुती. कमजोरी त्यांनाही कळली होती.

खालचं झाकण काढलं, मागची लॉक प्लेट काढली, पितळी ड्रिफ्टनं पुढून मागे ठोकत शाफ्ट बाहेर घेतला. जिथे सुया चालतात तिथे ओळीनं खड्डे. बोट फिरवलं तर किसणीसारखं लागतं. पुढच्या थ्रस्ट वॉशरचं शेपूट तुटलेलं. ते शेपूट केसच्या खाचेत अडकून वॉशरला थांबवत असतं. ते तुटल्यावर वॉशर गिअरबरोबर फिरायला लागला आणि त्यानं केसची आतली भिंत खरवडून काढली. तेलातलं सोनं त्यातलं. केसमधलं पुढचं भोकही लांबट झालंय : एका अंगाला बरोबर, दुसऱ्या अंगाला ५ थाऊ मोठं.

गिअरांचे दात मात्र सुंदर आहेत. कडेला थोडी झीज, पण एकही तुकडा उडालेला नाही, कुठे पोपडा नाही. १९४३चं पोलाद.

१४ नोव्हेंबर, पाडवा

आबांना तो कागद दाखवला. चष्मा लावून बराच वेळ उलटसुलट करून बघितला. मग म्हणाले, "हे पॅकिंग मीच घालायला लावलं होतं. मेस्त्री नको म्हणत होता. मी म्हटलं, जाड घाल, गळायचं थांबेल."

"आबा, गळत तर होतीच ना आधीपासून."

"होती. पण लो उडायला लागली ती त्यानंतर. ते दोन्ही मी कधी जोडून बघितलं नाही."

मी काही बोललो नाही. कागद पाकिटात घालून त्यावर '१६ थाऊ' लिहून ठेवला.

१९ नोव्हेंबर

दुरुस्ती करायची की बदलायची, यावर आठवडाभर फोन चालू होते.

बदलणं सोपं आहे. मुंबईत महिंद्राकडे चाळिसाच्या दशकाच्या अखेरीस विलीजच्या जीप जोडल्या जाऊ लागल्या आणि याच घराण्याची ट्रान्स्फर पुढे कित्येक वर्षं आपल्याकडच्या जीपांत बसत राहिली. भंगारात, पार्टांच्या दुकानात, घाटावरच्या प्रत्येक जुन्या गॅरेजात ती पडलेली असते. एका ओळखीच्या माणसानं चांगली पाहून ठेवलेली पूर्ण ट्रान्स्फर देऊ केली : जाड शाफ्टची, लोचं प्रमाण २.४६. माझ्या केसमध्ये ते १.९७ आहे.

कागदावर हिशेब केला. माझ्या गाडीचा फर्स्ट गिअर २.६६, ॲक्सल ४.८८. सध्याच्या लोमध्ये इंजिनचे साधारण साडेपंचवीस फेरे म्हणजे चाकाचा एक. नवीन ट्रान्स्फरनं तो आकडा बत्तिसावर जाईल. शेतात चिखलात ते छान वाटेल. पण तेवढा जादा पीळ जाणार कुठून? याच ऐंशी वर्षांच्या ॲक्सल शाफ्टांतून आणि प्रोपेलरच्या क्रॉसांतून (सांध्यांतून). शिवाय नुसता जाड शाफ्ट नि मधला गिअर उचलून माझ्या केसमध्ये घालता येत नाही. या गिअरांचे दात वेगवेगळे, बदलायचे तर सगळा संच बदलावा लागतो.

ज्याला रोज जीप चालवून पोट भरायचंय त्यानं जाड शाफ्टचीच घ्यावी, हे मी कोणालाही सांगेन. माझं तसं नाही. ही गाडी वर्षाला हजार-दीड हजार किलोमीटर चालते. दात शाबूत आहेत, केसला तडा नाही. झिजलंय ते एक भोक, एक शाफ्ट, चार बेअरिंग आणि वॉशर. एवढ्यासाठी मूळ ट्रान्स्फर काढून टाकायला माझं मन होत नाही. हीच बांधायची.

२६ नोव्हेंबर

शिवाजी उद्यमनगर. कोल्हापुरात राहण्याचं सुख हे आहे की ज्या कामाला इतर गावांत माणूस शोधावा लागतो, ते इथे एका गल्लीत होतं : लेथ या दारात, ग्राइंडिंग पलीकडच्या, हीट ट्रीटमेंट कोपऱ्यावर.

मामांकडे गेलो. वय सत्तरीपुढे, अख्खी गल्ली त्यांना मामाच म्हणते. केस बाकावर ठेवली. त्यांनी आधी चष्मा लावला नाही, करंगळी भोकात घालून गोल फिरवली आणि म्हणाले, "हितं खाल्लंय. ह्या अंगाला." बरोबर त्याच अंगाला, जिथे मला मायक्रोमीटर लावून सापडलं होतं.

"बुश मारायचा व्हय? मारूया की. पन सेंटर कुटला धरनार तू? भोक वाकडं झालंय म्हंजे त्येचं सेंटर बी सरकलंय. तसाच बोर मारला तर गिअर आयुष्यभर रडतंय बघ."

हाच खरा प्रश्न. (बुश म्हणजे भोक मोठं करून त्यात दाबून बसवायची नळी.) मधल्या शाफ्टचं इतर शाफ्टांपासूनचं अंतर बदललं तर दातांची मिळणी बिघडते. बराच खल झाला. ठरलं ते असं : मागचं भोक जवळजवळ अखंड आहे, ते प्रमाण. पुढच्या भोकाची न झिजलेली बाजू, ते दुसरं प्रमाण. आउटपुट बेअरिंगचं मोठं भोक अजिबात झिजलेलं नाही. त्यापासूनचं अंतर पुढे आणि मागे दोन्हीकडे सारखंच यायला हवं, ती तिसरी साक्ष. तिन्ही जुळल्या तरच हत्यार लावायचं.

३ डिसेंबर

तिन्ही जुळल्या. हॉरिझॉन्टल बोरिंगवर केस बांधायला तीन तास, बोर मारायला वीस मिनिटं.

मी शेजारी उभा होतो. बीड (ओतीव लोखंड) कापलं जाताना जो वास येतो, कोरडा, थोडा शिसपेन्सिलीसारखा, तो आला. पहिला काप अर्ध्या घेरातच लागला. उरलेल्या अर्ध्यात हत्यार हवेत फिरत होतं. भोक किती वाकडं झालं होतं ते त्या अर्ध्या चकाकत्या चंद्रकोरीनं डोळ्यांना दाखवलं. तिसऱ्या कापाला पूर्ण गोल चमकला. बुश बीडाचाच केला, घट्ट दाबून बसवला आणि बसवल्यावर आतून शेवटचा माप बोर घेतला, कारण दाबताना बुश आतून थोडा आवळतो. वॉशरनं खाल्लेली भिंत त्याच बांधणीत, केस न सोडता सपाट करून घेतली. जेवढं कापलं तेवढा पुढचा वॉशर जाड करायचा. गनमेटलचा नवा, शेपटासकट.

१० डिसेंबर

शाफ्ट वाया गेला. चूक माझी.

ईएन ३५३चा बार घेऊन शाफ्ट लेथवर काढला, ग्राइंडिंगसाठी जादा ठेवला, वरचा थर कडक करायला (केस हार्डनिंगला) दिला. परत आला तेव्हा लक्षात आलं की मागच्या टोकाला लॉक प्लेटची खाच पाडायची राहिली. ड्रॉइंग मी काढलं होतं, त्यात खाच दाखवलीच नाही. आता वरचा थर इतका कडक की मिलिंगचं कटर सरकून जातं. ग्राइंडरनं खाच पाडता येते, पण तिथे तापून थर मऊ पडला किंवा बारीक तडा गेला तर कळणारही नाही. ज्या शाफ्टवरून सगळी ताकद जाते, त्यावर मला ते नको.

मामा एवढंच म्हणाले, "दुसरा करूया." नवीन ड्रॉइंगवर सगळ्यात आधी खाच काढली, मग बाकीचं.

१७ डिसेंबर

दुसरा शाफ्ट ग्राइंडिंगहून आला. पाऊण इंच, सगळ्या लांबीवर फरक मोजण्यापलीकडचा. योकवर हार्ड क्रोम चढवून मूळ मापाला ग्राइंड करून घेतला, म्हणजे सीलला गुळगुळीत जागा मिळाली. बेअरिंगांवर कोरलेले जुने नंबर दुकानात वाचून दाखवले; ते नंबर आजही चालू आहेत, काउंटरवरच मिळाले.

पट्ट्याचं जुनं लायनर काढलं. या काळच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतो असंच धरून चालायचं : कंप्रेसरची हवा मारायची नाही, कानस लावायची नाही. ओलं करून, तोंडाला मास्क बांधून रिबिटं काढली आणि सगळं दुहेरी पिशवीत बांधून ठेवलं. नवीन लायनर पितळी रिबिटांनी बसवलं.

२४ डिसेंबर

जोडणी. सकाळी आठ ते संध्याकाळी सात.

मधल्या गिअरसाठी आधी एक खोटा शाफ्ट केला : लाकडाचा, पाऊण इंचाहून जराच बारीक, लांबी गिअर अधिक दोन वॉशर एवढीच. त्यावर ग्रीस लावून सुया आणि वॉशर बसवले, सगळं गाठोडं केसमध्ये ठेवलं आणि मागून खरा शाफ्ट ढकलत नेला. खोटा पुढून बाहेर पडला, एकही सुई न सांडता. शाफ्टची भोकं तेल झिरपायची नेहमीची जागा, म्हणून शाफ्टच्या टोकांना सीलंट. वॉशरचं शेपूट खाचेत बसलं की नाही ते टॉर्च मारून दोघांनी वेगवेगळं बघितलं.

आउटपुट शाफ्टवर गिअर घालून आतल्या अडचणीच्या जागेत लॉक रिंग बसवणं, यात दीड तास गेला. त्या जागी एकच हात जातो आणि हात गेला की दिसत नाही. भाऊ समोरून आरसा धरून बसला होता.

मग शिम. सील न घालता कोरडी जोडणी करून डायल लावलं. जुन्या शिमा सगळ्या तशाच ठेवल्या, कागद अर्थातच नाही. नवीन बेअरिंगांवर प्ले आला २ थाऊ. घट्ट. चालताना तापून आवळला असता. या शिमा ३, १० आणि ३१ थाऊंच्या मिळतात. तीनची एक वाढवली.

५ थाऊ. चार वेळा मोजलं. शाफ्ट हातानं फिरवून, बेअरिंग बसवून, पुन्हा. ५ थाऊ.

मग कॅप पुन्हा खोलून सील घातलं, शिमांच्या दोन्ही बाजूंना शेलॅकचा अगदी पातळ हात दिला. कॅपला कागद नाही.

शिफ्ट रॉडांच्या मधली छोटी गोळीवजा पिन विसरू नये. रॉड बसवताना ती निसटून टेबलाखाली गेली तरी ट्रान्स्फर जोडली जाते, लिव्हर चालतात, सगळं ठीक वाटतं. पण पुढचा ॲक्सल लावल्याशिवाय लो लागू नये, हे तीच पिन बघते. ती नसली की लोचा सगळा पीळ एकट्या मागच्या ॲक्सलवर येतो. पिन घातली, दोन्ही रॉड हलवून अडते की नाही ते पाहिलं. अडते. स्प्रिंगा आणि गोळ्या नव्या.

७ जानेवारी २०२४

गाडीवर चढवली. गिअरबॉक्सची तार झाकण लावायच्या आधी काढली, आणि काढली हे कागदावर टिक करून ठेवलं. मेनशाफ्टच्या नटाला नवीन स्प्लिट पिन. तेल ९० नंबर, जीएल-४. आत गनमेटलचे वॉशर असल्यामुळे जीएल-५ टाळलं.

इंजिन चालू करून घोड्यांवरच चारही चाकं फिरवली. घरघर नाही. सरळ दातांच्या गिअरांचा मंद, एकसुरी गुणगुणाट आहे, तो या ट्रान्स्फरचा मूळ आवाज. आबा खुर्ची टाकून बाहेर बसले होते, डोळे मिटून ऐकत होते. बऱ्याच वेळानं म्हणाले, "माझ्या वडिलांनी आणली तेव्हा अशी वाजायची."

८ जानेवारी

ताटली कोरडी.

१४ जानेवारी

पन्हाळा. घरापासून वीस-एक किलोमीटर. मी, भाऊ आणि आबा. वाघबीळपासून चढ सुरू झाला तसा हायमध्येच सेकंडला ठेवला; लोची गरज पडली नाही. वर थांबून हात लावून बघितलं : मागची कॅप कोमट, हात आरामात ठेवता येतो.

उतरताना मुद्दाम एका बाजूच्या कच्च्या, तीव्र उताराच्या वाटेला गाडी घातली. पुढचा ॲक्सल लावला, मग लो, फर्स्ट गिअर. पाय ॲक्सिलरेटरवरून पूर्ण काढला. भाऊ सवयीनं लिव्हर धरून बसला होता, त्याला सोडायला सांगितलं. गाडी इंजिनवर लोंबकळत माणसाच्या चालीनं खाली आली. खड्ड्यांत भार उलटसुलट होत होता, लिव्हर थरथरला, पण जागचा हलला नाही. तीन वेळा वर नेली, तीन वेळा उतरवली.

परत येताना चहाला चढावर थांबलो. डॅशखालचा हँडब्रेकचा दांडा ओढला, गिअर न्यूट्रल केला, ब्रेकवरचा पाय उचलला. गाडी उभी.

आबांनी तोवर सीटखालचा दगड काढून हातात घेतला होता. थोडा वेळ चाकाकडे बघत राहिले. मग दगड पुन्हा सीटखाली ठेवला आणि दोन्ही हात मोकळे ठेवून रस्ता ओलांडून टपरीकडे गेले. मी गाडीजवळच उभा राहिलो, चहा होईपर्यंत.

२५ फेब्रुवारी

४१० किलोमीटर झाले. पहिलं तेल सोडलं. निघालं जवळपास जेवढं घातलं तेवढंच. रंग मधासारखा, सोनेरी कण नाहीत. लोहचुंबकावर नव्या बेअरिंगांची बारीक काळी साय, बोटांत चोळली तर खर लागत नाही. डायल पुन्हा लावलं : साडेपाच थाऊ.

राहिलेलं : शिफ्ट रॉड जिथून बाहेर येतात तिथे, डाव्या रॉडच्या सीलला किंचित ओल आहे. थेंब पडत नाही, बोट लावलं तर लागतं. पावसाळ्याआधी ते सील बदलायचं. पुढच्या प्रोपेलरचा मागचा क्रॉस हाताला जरासा सैल लागतो, त्याची मागणी दिली आहे.